दोनशे उड्यांचा अधिकार

माझ्या लॉगबुकात अकरा उड्या अशा आहेत, ज्या मी मारलेल्याच नाहीत. तारीख, उंची, विमान, ठिकाण, सगळं नीट भरलेलं आहे; अक्षरही एरवीपेक्षा बरं आलं आहे. स्कायडायव्हिंग करणारा माणूस प्रत्येक उडीनंतर अशी एक ओळ लिहितो आणि पुढे तो कुठेही गेला तरी ही वही हीच त्याची ओळख असते. माझ्या उड्या १८९ झाल्या होत्या. उरलेल्या अकरा मी एका रविवारी रात्री, घरी जेवणाच्या टेबलावर बसून लिहून काढल्या. दुसऱ्या राज्यात सुट्टीवर असताना मारल्या, असं दाखवलं. बरोबर २०० झाल्या.

अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेचा नियम आहे की किमान २०० उड्या झाल्याशिवाय विंगसूट घालायचा नाही. विंगसूट म्हणजे अंगभर पोशाख, ज्यात हात आणि धड यांच्यामध्ये कापडाचे पंख असतात आणि दोन्ही पायांच्या मध्ये तिसरा. समोरच्या झडपांतून हवा आत शिरते, कापड फुगून टणक होतं आणि माणूस पडण्याऐवजी पुढे सरकू लागतो. पोट खाली करून साधी उडी मारली तर आपण ताशी १९०-२०० किलोमीटरने खाली येतो. विंगसूटमध्ये हा वेग निम्म्यावर येतो, आणि एक मीटर खाली येताना नवशिक्यासुद्धा जवळजवळ दोन मीटर पुढे जातो. तेरा हजार फुटांवरून मारलेली एका मिनिटाची उडी दोन मिनिटांची होते. त्या जास्तीच्या मिनिटासाठी मी खोटं लिहिलं.

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ज्या ड्रॉपझोनवर मी जाते, तिथे शिकवणारी कोच त्या मोसमात एकच अभ्यासवर्ग घेणार होती. पुढचा सहा महिन्यांनी. मी एकोणचाळीस वर्षांची होते आणि सहा महिने मला फार वाटत होते. मनाशी म्हटलं, १८९ आणि २०० मध्ये असा काय फरक आहे? आणि धोका तर माझाच आहे.

वर्ग सुरू झाला तेव्हा मला वाटत होतं की आता पंखांबद्दल ऐकायला मिळेल. तिने आधी माझं पॅराशूट मागितलं. मी त्याच वर्षी एक लहान, चपळ कॅनपी घेतली होती, वळणं झटक्यात घेणारी, आणि तिचा मला अभिमान होता. तिने नाव वाचलं आणि ती बाजूला ठेवली. म्हणाली, हिच्यासह मी तुला विंगसूटमध्ये नेणार नाही. मग क्लबातली मोठी, सात कप्प्यांची, आळशी स्वभावाची कॅनपी माझ्या पाठीवर चढली.

कारण तिने सांगितलं ते असं. पॅराशूट उघडायचं म्हणजे पाठीच्या तळाशी खोचलेली छोटी छत्री, पायलट चूट, हाताने ओढून हवेत फेकायची. साध्या उडीत हे सोपं असतं. विंगसूटमध्ये हाताला पंख शिवलेला असतो आणि तो हात मागे नेताना दुसरा हातही तसाच मिटावा लागतो, पायही जवळ घ्यावे लागतात. एक बाजू उघडी राहिली तर माणूस गिरकी घेऊ लागतो. शिवाय एवढ्या कापडामुळे पाठीमागे मेलेल्या हवेचा खळगा तयार होतो. छत्री त्यात घुटमळू नये म्हणून तिची दोरी लांब लावतात. पॅराशूट उघडताना दोऱ्यांना पीळ बसला तर साध्या उडीत पाय मारून तो सोडवता येतो. इथे पाय एका पिशवीत असतात, आणि वरच्या पट्ट्यांपर्यंत पोचायचं तर आधी हातांचे पंख सोडवावे लागतात. मोठी, शांत कॅनपी तेवढा वेळ देते. माझी चपळ कॅनपी त्याच पिळात भोवरा झाली असती.

आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. आम्हा सगळ्यांच्या पाठीवर एक छोटं यंत्र असतं. माणूस बेशुद्ध पडला किंवा गोंधळला, तर जमिनीपासून काही शे फुटांवर ते आपोआप राखीव पॅराशूट उघडतं. पण त्यासाठी पडण्याचा वेग जास्त असावा लागतो. नेहमीच्या यंत्रात ही मर्यादा ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास असते. विंगसूट घातलेला माणूस त्याहून हळू पडू शकतो. तेव्हा यंत्राला वाटतं, सगळं ठीक आहे.

विमानात बसण्याआधी तिने माझ्या दोन्ही मांड्यांवरचे पट्टे कापडाखाली हात घालून चाचपले. सूट हार्नेसवर चढतो, पट्टे झाकले जातात, आणि ते न आवळता उडी मारलेले लोक या खेळात होऊन गेले आहेत. जे दिसत नाही ते ती हाताने तपासत होती. वही मात्र तिने नुसती उघडली, शेवटचा आकडा पाहिला आणि मिटली.

उड्डाण उत्तम झालं, हे सांगायलाच हवं. विमानाच्या शेपटीखालून निघेपर्यंत पंख मिटलेले, मग उघडले, आणि खालचं वाळवंट वर येण्याऐवजी मागे सरकू लागलं. ती माझ्या डाव्या हाताला होती, खोलीच्या दुसऱ्या टोकाला कुणी उभं असावं तेवढ्या अंतरावर. मी तिच्याकडे पाहून हसले, तीही हसली. काहीच चुकलं नाही. खोटं पचलं.

माझे बाबा बडोद्यात गाणं शिकवायचे. आता शिकवत नाहीत, पण शिष्य येतात. त्यांनी मला कितीतरी वर्षं दरबारी शिकवला नाही. शेजारच्या किराणा दुकानदाराच्या मुलाला मात्र दोन वर्षांत दिला. मी रडले तर म्हणाले, “अगं, तो राग कुठे पळून जातोय? तुझा अजून अधिकार झालेला नाही.” मला त्या शब्दाचा राग यायचा. शाळेत नागरिकशास्त्रात अधिकार म्हणजे जे मागता येतं ते, आणि घरी अधिकार म्हणजे जे मागून मिळत नाही ते.

हिंदीत मानवाधिकार म्हणतात, मराठीत मानवी हक्क. आपण दोन शब्द ठेवले आहेत, तरी वापरताना त्यांची गल्लत करतोच. हक्क माणूस म्हणून असतो. त्यासाठी काही सिद्ध करावं लागत नाही. अधिकार या शब्दाला मात्र पात्रतेचा जुना वास आहे. वेदान्ताचे ग्रंथ सुरुवातीलाच चार गोष्टी सांगतात, विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी, म्हणजे हे कुणी वाचावं. आपण अजूनही एखाद्याला अधिकारी पुरुष म्हणतो तेव्हा त्याच्या खुर्चीबद्दल बोलत नसतो.

पण हा शब्द निरागसपणे वापरता येत नाही. ब्रह्मसूत्रांत शूद्राला वेदविद्येचा अधिकार नाही असं ठरवणारं एक प्रकरणच आहे. ‘तुझा अधिकार नाही’ हे वाक्य शतकानुशतकं कुणी कुणाला ऐकवलं ते आपल्याला ठाऊक आहे, आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा उघडली तेव्हा तेच वाक्य वेगळ्या आवाजात ऐकू आलं. म्हणून आज कुणी पात्रता विचारली की आपले कान टवकारतात, आणि ते योग्यच आहे. माझ्या अकरा ओळींमागेही थोडी ही ऐट होती. मला अडवणारे तुम्ही कोण?

मग २०० हा आकडा आणि ते जुनं वाक्य यांत फरक काय? सोपं उत्तर असं की आकडा जन्म विचारत नाही, सगळ्यांना सारखा आहे. पण तो तसा सारखाही नाही. एका उडीचं तिकीट साधारण तीस डॉलर. दोनशे उड्या म्हणजे सहा हजार, सामान वेगळं. माझ्यासारखी सॉफ्टवेअरमधली बाई दीड वर्षात पात्र होते. तिथेच पॅराशूट घड्या घालून पोट भरणारा मुलगा, ज्याचे हात माझ्यापेक्षा शतपट शहाणे आहेत, त्याला चार वर्षं लागतात. आकडा कौशल्य मोजत नाही, सवय मोजतो, आणि तीसुद्धा विकत घेतलेली. आपल्या बाजूने बोलायला मला हा मुद्दा फार उपयोगी पडला असता. पण ते खोटं मी त्या मुलासाठी लिहिलं नव्हतं.

१९१२ च्या ४ फेब्रुवारीला पॅरिसमध्ये फ्रान्झ राइशेल्ट नावाच्या शिंप्याने आयफेल टॉवरच्या पहिल्या मजल्यावरून उडी मारली. अंगात त्याने स्वतः शिवलेला पॅराशूटचा पोशाख होता. उंची ५७ मीटर. तो तिथेच मेला. त्याचं चित्रीकरण आजही पाहायला मिळतं, कठड्यावर उभा राहून तो बराच वेळ घुटमळतो ते पाहवत नाही. पोलिसांकडून परवानगी मिळाली होती ती बाहुला फेकून पाहण्याची. आपण स्वतः उडी मारणार हे त्याने तिथे पोचल्यावर सांगितलं. लोक त्याला वेडा म्हणतात. मला तो ओळखीचा वाटतो. त्यानेही कागदावर एक लिहिलं आणि मनात दुसरं ठेवलं, आणि त्यालाही वाटलं असेल की जीव माझाच आहे.

आठ महिन्यांनी मी कोचला खरं सांगितलं. का सांगितलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. कुणी पकडलं नव्हतं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, “किती?” मी म्हटलं, “अकरा.” ती थोडा वेळ घड्या घालत राहिली. मग म्हणाली, “तुझ्या बाजूला किती जवळ उडायचं, ते मी त्या आकड्यावरून ठरवलं होतं.”

एवढंच. माझा जीव, माझा धोका, हे सगळं बोलताना त्या हवेत दुसरं माणूस होतं हे मी हिशोबातच धरलं नव्हतं. मी चुकून गिरकी घेतली असती तर त्या खोलीभर अंतरात ती होती. तिने होकार दिला होता तो मला नाही, २०० उड्या मारलेल्या कुणा दुसऱ्याच बाईला.

पुढे मी एक मोठा सूट विकत घ्यायला निघाले. विंगसूट जितका मोठा, तितकं कापड जास्त, उड्डाण लांब. आणि तितकाच तो चिडका, गिरकीत शिरला तर बाहेर काढायला अवघड, पायलट चूटपर्यंत हात पोचायला अवघड. एकजण हा खेळ सोडत होता, नऊशे डॉलरला देत होता. सूट जवळजवळ नवा होता. या वेळी मी खरा आकडा सांगितला, विंगसूटच्या साठ उड्या. तो म्हणाला, नाही देणार. मी म्हटलं, मी सज्ञान आहे, पैसे रोख देते. तो म्हणाला, खरं आहे, पण सूट माझा आहे. गाडीत बसून मी अर्धा तास चडफडत होते. खोटं बोलले तेव्हा दार उघडलं, खरं बोलले तेव्हा मिटलं.

त्या अर्ध्या तासात एक प्रश्न सुचला, तो तेव्हापासून मी सगळ्या नकारांना लावून पाहते: नाही म्हणणाऱ्याचं त्यात काय जातं? त्या माणसाचे नऊशे डॉलर गेले. कोचने मला परत पाठवलं असतं तर तिची फी बुडाली असती. विद्येचा अधिकार नाकारणाऱ्यांचं मात्र काही जात नव्हतं. उलट त्या नकारावरच त्यांचं घर चालत होतं. बाबांचं दरबारीचं ‘नाही’ त्यांना महाग पडत होतं, घरात रोज रडणारी मुलगी आणि धुसफुसणारी बायको.

पण ही कसोटी पुरत नाही. मी स्कायडायव्हिंग सुरू केलं तेव्हा आई दोन वर्षं माझ्याशी धड बोलली नाही. तिचा नकार तिला फार महाग पडला, आणि तरी मला तो चूकच वाटतो. बाबा मात्र पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली तेव्हा बातमी पाठवून विचारत होते, “बाळ, एवढं कापड वाऱ्यात आवरतं कसं गं?”

आणि अधिकार माणसाला वाचवतो असंही नाही. आजचा विंगसूट ज्याने नव्वदच्या दशकात घडवला, त्या फ्रेंच पात्रिक द गेयार्दोंइतका अधिकार तेव्हा जगात कुणाचाच नव्हता. १३ एप्रिल १९९८ रोजी हवाईमध्ये तो गेला तो पंखांमुळे नाही. आपल्या पॅराशूटच्या पिशवीत त्याने स्वतः बदल केले होते, आणि त्या शिवणकामात चूक राहिली होती. ती चूक शोधण्याइतका मोठा माणूस जवळ कोण असणार? त्यानंतर फिनलंडचा यारी कुओस्मा आणि क्रोएशियाचा रॉबर्ट पेचनिक यांनी सामान्य स्कायडायव्हरसाठी सूट विकायला सुरुवात केली. तेव्हापासून कोण पात्र हा प्रश्न एका माणसाचा राहिला नाही, विकणाऱ्याचा आणि शिकवणाऱ्याचाही झाला.

गेल्या महिन्यात मी माझा पहिला, लहान सूट विकायला काढला. सॅन डिएगोला राहणाऱ्या नाशिकच्या एका मुलाचा फोन आला. दोन वाक्यांत मराठीवर आला, ‘ताई’ म्हणू लागला. उड्या किती, मी विचारलं. “दोनशे तीन.” लगेच आलं उत्तर, जरा जास्तच लगेच. खरंही असेल. माझ्याच पापामुळे मला सगळ्यांचे आकडे संशयास्पद वाटतात, आणि हा त्याचा दोष नाही.

तो शनिवारी यायचा आहे. लॉगबुक आण असं मी सांगितलं नाही. पॅराशूट घेऊन ये म्हटलं, कारण त्याने सांगितलेली कॅनपी मला त्याच्या वजनाला लहान वाटते. त्या अकरा ओळी मी खोडलेल्या नाहीत, प्रत्येकीवर फक्त एक आडवी रेघ मारली आहे. चहा झाला की ते पान त्याच्यासमोर ठेवणार आहे. मग तो जो आकडा सांगेल तो सांगेल. सूट धुवून, झिपांना तेल देऊन कपाटात टांगला आहे.