देवाने दिलेली मुदत



११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात स्फोट होऊन आठ जण मृत्युमुखी पडले. २१ ऑगस्ट २०२५ रोजी त्याच वसाहतीत वायुगळतीने चार कामगारांचा जीव घेतला. बोईसर-पालघर परिसरात असे काही घडले की दोन वाक्ये कानी पडतात. कोणी म्हणतो, 'त्यांचं नशीबच खोटं.' कोणी हळूच म्हणतो, 'काहीतरी पाप असेल, त्याशिवाय का देव असं करील?' पहिल्या वाक्याने आपण जबाबदारीतून मोकळे होतो. दुसऱ्याने मेलेल्यांनाच आरोपी करतो.

प्रभू येशूसमोरही हाच प्रश्न आला होता (लूक १३:१-९). यज्ञ अर्पण करणाऱ्या काही गालीलकरांची पिलाताने हत्या केली होती. ती बातमी ऐकून प्रभूने आणखी एका दुर्घटनेची आठवण दिली. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली होती. ती माणसे यरुशलेममधील इतरांपेक्षा अधिक पापी नव्हती, असे प्रभूने स्पष्ट सांगितले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ साली मानवी दुःखावर लिहिलेल्या प्रेषितीय पत्रातही ईयोबाचा दाखला आहे. निरपराध माणसालाही दुःख भोगावे लागते. प्रत्येक दुःख ही शिक्षा नसते.

पण प्रभू तेवढ्यावर थांबला नाही. तुम्हीही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल, असा इशारा त्याने ऐकणाऱ्यांना दिला. मेलेल्यांच्या पापांची चौकशी करणाऱ्यांना त्याने स्वतःच्या जीवनाची चौकशी करायला लावले. लगेच त्याने फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा दृष्टान्त सांगितला. मालक झाड तोडायला निघतो, तेव्हा माळी आणखी एक वर्ष मागून घेतो.

आपल्याकडच्या वाडीवाल्यांना हा दृष्टान्त समजावून सांगावा लागत नाही. नुसती मुदत दिल्याने झाडाला फळ येत नाही. आळे खणावे लागते, शेणखत घालावे लागते. दृष्टान्तातला माळीही मुदत मागून स्वतः खणायला तयार होतो. देवाची दया अशी आहे. ती आपल्या पापांकडे डोळेझाक करीत नाही, आपल्यासाठी कष्ट उपसते. दुःखी माणसाला प्रभूने लांबून उत्तर दिले नाही. क्रूसावर तो स्वतः त्या दुःखात उतरला.

नव्या करारात पश्चात्तापासाठी 'मेटानोया' हा ग्रीक शब्द आहे. त्याचा अर्थ मन बदलणे. हा बदल शुक्रवारच्या उपवासापुरता राहू नये. आपल्यापैकी काही जण कारखान्यात सुपरवायझर आहेत, काही ठेकेदार आहेत, काही जण परप्रांतीय कामगारांना खोल्या भाड्याने देतात. काम कितीही अडले तरी मास्क आणि सेफ्टी बेल्टशिवाय माणसाला टाकीत न उतरवणे, हेही प्रायश्चित्त आहे. मजुरी वेळेवर देणे आणि आजारी भाडेकरूची विचारपूस करणे, हेही प्रायश्चित्तच. या वर्षी पापनिवेदनाला येताना नेहमीच्या यादीत आणखी एक प्रश्न घालू या: आपल्या निष्काळजीपणामुळे किंवा लोभामुळे कोणाचा जीव धोक्यात आला का?

क्रूसाच्या वाटेवर पाचव्या स्थानी आपण गुडघे टेकतो. तिथे शेतावरून परतणाऱ्या कुरेनेकर शिमोनाने एका अनोळखी माणसाचा क्रूस उचलला. आज इस्पितळात पडलेल्या कामगाराचे घर शेकडो मैल दूर असते. उशाशी बसायला त्याचे कोणी नसते. या प्रायश्चित्तकाळात आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबाने अशा एका तरी माणसाला भेटावे आणि उपवासातून वाचलेले पैसे त्याच्या औषधपाण्यासाठी द्यावेत.

त्या अंजिराला पुढच्या वर्षी फळ आले की नाही, हे प्रभूने सांगितलेले नाही. आपल्याला मिळालेली मुदत अजून संपलेली नाही. हे दयाळू पित्या, ती वाया जाऊ न देण्याची कृपा आम्हाला दे. आमेन.