'क्यों सर?'

२०२६ च्या प्रजासत्ताक दिनाच्या दोन दिवस आधी आमच्या उर्दू शाळेत प्रभातफेरीचे फलक रंगवण्याचे काम चालू होते. 'पाणी वाचवा', 'मुलगी शिकवा', 'जवानांना सलाम' असे विषय ठरलेले होते. आठवीतली एक मुलगी कोरा पुठ्ठा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "सर, 'जंग नहीं चाहिए' लिखूँ?"

मी म्हणालो, "नहीं बेटा, 'पेड़ लगाओ' लिखो."

तिने मान हलवली आणि हिरव्या रंगाची डबी उघडली. वर्गात घडीघडी 'क्यों सर?' विचारणारी ही मुलगी. पण त्या दिवशी तिने काही विचारले नाही, कारण उत्तर तिला ठाऊक होते. मला लागले ते हेच.

तिच्या मनात ते वाक्य कुठून आले असेल, हे मला कळत होते. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये दहशतवाद्यांनी २६ निरपराध माणसांना ठार मारले. ७ मे ला भारताने सीमेपलीकडे हल्ले केले आणि १० मे ला लढाई थांबली. त्या चार दिवसांत पलीकडून आलेल्या तोफगोळ्यांनी पूंछमध्ये शाळकरी मुलांचेही जीव घेतले. आमच्या मुलांनी हे सारे टीव्हीवर पाहिले होते. तिच्या वाक्यात शत्रूची बाजू नव्हती आणि आपल्या सैन्याची निंदाही नव्हती. मग मी नाही का म्हणालो?

मनाची समजूत घालायला एक कारण हाताशी होते. प्रजासत्ताक दिनाचे संचलन म्हणजे सैनिकांचा मान. त्या दिवशी युद्धाविरुद्ध बोलणे म्हणजे लग्नघरी रडगाणे. ज्याचा बाप फौजेत आहे असे मूल आमच्याही शाळेत आहे. त्याला काय वाटेल? हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण दिल्लीचा सोहळा सुरू कसा होतो ते पाहा. पंतप्रधान आधी राष्ट्रीय युद्ध स्मारकावर पुष्पचक्र वाहतात. २०२० पूर्वी ते इंडिया गेटच्या अमर जवान ज्योतीवर वाहत असत. रणगाडे आणि क्षेपणास्त्रे नंतर येतात, आधी येते ती मेलेल्यांची आठवण. २९ जानेवारीच्या 'बीटिंग रिट्रीट'मध्ये सूर्यास्ताला लढाई थांबवून छावणीत परतण्याचा जुना रिवाज जपला जातो. दुसऱ्याच दिवशी, ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता, गोळीला बळी पडलेल्या गांधीजींच्या स्मृतीसाठी देश दोन मिनिटे स्तब्ध उभा राहतो. युद्धाची किंमत सैनिकाइतकी कोणाला कळते? 'युद्ध नको' म्हणणे हा त्याचा अपमान असेल, तर हे तीन दिवसही अपमानच ठरतील.

शिवाय २६ जानेवारी हा मुळात संविधानाचा दिवस आहे. त्याच संविधानाचे कलम ५१ आंतरराष्ट्रीय शांततेसाठी झटावे आणि राष्ट्रांमधले तंटे लवादाने मिटावेत म्हणून उत्तेजन द्यावे, असे राज्याला सांगते. १९७६ मध्ये जोडलेल्या मूलभूत कर्तव्यांत देशाचे संरक्षण आहे आणि हिंसेचा त्यागही आहे. दोन्ही एकाच यादीत आहेत. केरळमधल्या एका शाळेने १९८५ मध्ये तीन भावंडांना काढून टाकले होते. राष्ट्रगीताच्या वेळी ती अदबीने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावले. आदर आणि सद्सद्विवेक एकाच रांगेत उभे राहू शकतात, हे न्यायालयाने मान्य केले.

तेव्हा ते कारण टिकत नाही. उरते ते खरे कारण, आणि ते म्हणजे भीती. दुसऱ्या एखाद्या शाळेच्या मुलीने हाच फलक धरला, तर लोक म्हणतील, किती चांगला विचार! आमच्या मुलीने धरला, तर विचारतील, 'कोणाशी जंग नको?' ही भीती बिनबुडाची नाही. तिच्यासोबत जगणाऱ्यांना मी भित्रे म्हणणार नाही. पण ती आपल्याकडून काय करून घेते ते पाहावे. दर वर्षी आम्ही एका मुलाला अब्दुल हमीद करतो. १० सप्टेंबर १९६५ ला खेमकरण भागात पॅटन रणगाड्यांसमोर जीपवरच्या तोफेनिशी ठाण मांडून शहीद झालेला हा हवालदार साऱ्या देशाचा आहे. आम्ही मात्र त्याला रहिवासी दाखल्यासारखे पुढे करतो. त्याच्या शौर्यापुढे मान झुकवावी, आणि पुढच्या कुठल्याही पोरावर ती वेळ येऊ नये असेही वाटावे, यात विरोध कुठे आहे?

आता थोडा आपलाही हिशेब. गाझातल्या मुलांसाठी आपले डोळे भरून येतात, आणि ते यावेतच. पण पहलगामच्या विधवांबद्दल बोलताना आपल्यापैकी काहींच्या वाक्यात मध्येच एक 'पण' येतो. तो 'पण' मी मोहल्ल्यात ऐकला आहे, एकदा स्वतःच्या तोंडूनही. आपल्या आणि परक्या मेलेल्यांची वेगवेगळी मोजणी करणारी शांतता म्हणजे युद्धाला विरोध नव्हे. तो फक्त समोरच्या पक्षाला विरोध झाला. फलक धरायचा हक्क मागणाऱ्याने आपला हातही पाहून घ्यावा. लोकांचा संशय त्याने संपेलच असे नाही. निदान आपले उत्तर खरे असेल.

३० जानेवारीला दोन मिनिटांची स्तब्धता संपल्यावर मी आठवीच्या वर्गात कलम ५१ वाचून दाखवले. मग सगळ्यांसमोर त्या मुलीला म्हणालो की, तुझ्या फलकात चूक काहीच नव्हती.

तिने विचारले, "फिर आपने मना क्यों किया, सर?"

मी म्हणालो, "डर गया था, बेटा."

वर्गात कोणी हसले नाही. पुढच्या वर्षी फलकांचे विषय मुलांनाच ठरवू द्यावेत, असे मी हेडमास्तर साहेबांना सुचवले आहे. त्यांनी अजून हो म्हटलेले नाही. नाहीही म्हटलेले नाही.