ओझरचे विमान, अमळनेरचा कापूस

ऑगस्ट 2025 मध्ये अमळनेर तालुक्यातला कापूस अजून वेचणीला आला नव्हता. त्याच महिन्याच्या 19 तारखेला केंद्र सरकारने परदेशी कापसावरचे 11 टक्के आयातशुल्क माफ केले आणि नंतर ही माफी डिसेंबरअखेरपर्यंत लांबवली. ऐन वेचणीचे दिवस त्यातच गेले. सरकारला कापड गिरण्या सावरायच्या होत्या, कारण 27 ऑगस्टपासून अमेरिका बहुतेक भारतीय मालावर 50 टक्के कर लावणार होती. त्यातला निम्मा आपण रशियाचे तेल घेतो म्हणून!

तेल स्वस्त मिळाले म्हणून घेतले, हे खरेच. पण रशियाचा हात सोडणे दिल्लीला इतके जड का जाते, ते तेलावरून कळत नाही. त्यासाठी धुळे, मालेगाव, चांदवड ओलांडून नाशिकजवळच्या ओझरला जावे लागते.

शीतयुद्धात अमेरिकेने पाकिस्तानला एफ-104 स्टारफायटर विमाने दिली. आपण 1962 मध्ये सोव्हिएत संघाकडे वळलो. त्यांनी मिग-21 नुसते विकले नाही, इथे बांधायचा परवानाही दिला. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना ओझरला कारखाना आला. तिथे मिग-21 झाले, मिग-27 झाले, पुढे दोनशेहून अधिक सुखोई-30 झाली. सोव्हिएत संघ 1991 मध्ये संपला. त्याचे आराखडे, सुटे भाग आणि ते काम हातात बसलेले कारागीर मात्र राहिले. भारत-रशिया मैत्रीबद्दल बोलताना 1971 च्या कराराचा दाखला देतात. मला ओझरचे हे रोजचे काम त्या कागदाहून बळकट वाटते. 2 मार्च 2022 रोजी रशियाच्या युक्रेनवरील हल्ल्याविरुद्धच्या ठरावावर भारत संयुक्त राष्ट्रांत तटस्थ राहिला, त्यामागे या अवलंबित्वाचे ओझेही होते.

मग अमेरिकेकडे वळावे? ऑक्टोबर 2025 मध्ये याच ओझरला तेजस मार्क-1ए च्या उत्पादन मार्गिकेचे उद्घाटन झाले. त्याचे इंजिन अमेरिकन, आणि तेच वेळेवर येईना.

1962 चा निर्णय मला आजही योग्य वाटतो. तेव्हा देशाला विमान हवे होते आणि ते बांधायची विद्याही. पण त्या नात्याचा भुर्दंड 2025 मध्ये पडला, तेव्हा गिरणीला शुल्कमाफी मिळाली आणि स्वस्त परदेशी गाठींशी झुंजायचे गावातच व्यापाऱ्याच्या खेडा खरेदीत माल देणाऱ्या शेतकऱ्याच्या वाट्याला आले. त्याला भरपाई काय, हा प्रश्न परराष्ट्र धोरणाचाच आहे. अमळनेरच्या बाजार समितीने तो दिल्लीला विचारावा.