किळस येणे हे पाप आहे काय?

कुजलेली जखम, किंवा शस्त्रक्रियेने पोटावर केलेल्या वाटेतून येणारा मळ पाहून परिचारिकेस किळस आली, तर ते पाप होय काय? नव्हे, परंतु तोंड फिरविणे हा रोग्यावर दुसरा घाव होय. वरोऱ्याचे बाबा आमटे एका कुष्ठरोग्यास पाहून प्रथम भयाने पळाले. मग परतून त्यांनी त्याची शुश्रूषा केली, व १९४९ साली कलकत्त्यास जाऊन त्या रोगाची विद्या संपादिली. कारण कळवळ्यासही विद्या लागते. पोटावरील पिशवीचे तोंड नेमक्या मापाने कापले नाही, तर मळ लागून कातडी सोलवटते. शोमरोन्यास दया आली, आणि जखम बांधताही आली. बंधुजनहो, गडचिरोलीच्या रानातील तुमची कन्या हे शिकू म्हणेल, तर घाणीचे काम म्हणून तिला अडवू नका.