गवताविना विटा

मुंबईहून निघणारी उद्यान एक्सप्रेस पुणे, सोलापूर करीत दुसऱ्या दिवशी बंगळूरला पोहोचते. आपल्या मंडळ्यांतील कितीतरी मुले-मुली याच गाडीने त्या नगरीत गेली आणि तेथेच नोकरीत स्थिरावली. त्यांचे पगार ऐकून आपण देवाचे उपकार मानतो. परंतु रविवारी रात्री येणाऱ्या फोनवर ‘झोप लागत नाही, सोमवारची धास्ती वाटते’ असे मूल सांगू लागले, की आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडून एकच उत्तर निघते : प्रार्थना कर, सर्व ठीक होईल. हे उत्तर खोटे नाही. मात्र ते पुरेसे आहे काय, याचा विचार आपण क्वचितच करतो. काम करणाऱ्या माणसाचे मन खचले, तर तो विषय कोणाचा? त्याचा एकट्याचा, त्याच्या डॉक्टरांचा, त्याच्या विश्वासाचा, की त्याच्याकडून काम करून घेणाऱ्याचाही?

बंगळूरचा होसूर रस्ता या प्रश्नासाठी मोठा बोलका आहे. शहरातून दक्षिणेकडे निघाले की प्रथम निमहान्स लागते. १९५४ साली स्थापन झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था आणि म्हैसूर राज्याचे जुने मनोरुग्णालय यांचे १९७४ साली एकत्रीकरण होऊन ही संस्था उभी राहिली. आज देशाच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण तेथे येतात. त्याच रस्त्याने पुढे बोम्मनहळ्ळीच्या परिसरात तयार कपड्यांचे कारखाने आहेत. तेथे यंत्रावर बसलेल्या स्त्रीला तासाला इतके नग पुरे करावयाचे असतात. आणखी पुढे गेले की इलेक्ट्रॉनिक सिटी, जेथे आपली मुले संगणकापुढे बसतात. मनाची शुश्रूषा करणारी संस्था आणि मनाचा कस पाहणारी कामे अशी एकाच रस्त्यावर आहेत.

निमहान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोक त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने त्रस्त असल्याचे त्यात आढळले, आणि महानगरांत हे प्रमाण अधिक होते. याहून बोचणारी बाब उपचारांची. विकारपरत्वे ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. लोकलज्जा हे त्याचे एक कारण. आपल्या मंडळ्यांत तिला आणखी एक पदर आहे, तो म्हणजे ‘याचा विश्वास कमी पडला’ हा शेरा.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रत्येक मानसिक आजार कामामुळे होतो, असे मुळीच नाही. कित्येक आजारांची मुळे शरीरात, अनुवंशात, बालपणात असतात. उलट काम हे कित्येकदा औषध ठरते. निमहान्सच्या पुनर्वसन विभागात बेकरी चालते, आणि पाव भाजताना रुग्णाला आपण उपयोगी आहोत ही जाणीव परत मिळते. बेकारीने होणारी मनाची हानी तर सर्वांच्या परिचयाची आहे. म्हणून कामाला शत्रू ठरविण्याचे कारण नाही. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या आजारांच्या वर्गीकरणात एका अवस्थेची नोंद केली, ती लक्षात घ्यावी. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न हाताळलेल्या ताणामुळे माणूस निःसत्त्व होतो, कामाविषयी विटतो आणि त्याची कार्यक्षमता घटते. संघटनेने या अवस्थेला रोग म्हटले नाही. ती कामाशी निगडित घटना आहे, असे म्हटले. म्हणजे तपासणी करावयाची ती केवळ माणसाची करून भागणार नाही. कामाचीही केली पाहिजे.

पवित्र शास्त्राला ही तपासणी अपरिचित नाही. निर्गमच्या पाचव्या अध्यायात फारो इस्राएल लोकांना विटांसाठी गवत देणे बंद करतो, पण विटांची संख्या तीच ठेवतो. लोक आक्रोश करतात तेव्हा तो त्यांना आळशी ठरवितो. वाचकहो, साधन काढून घ्यावे, मागणी तशीच ठेवावी आणि जो कोलमडेल त्याच्या स्वभावात दोष दाखवावा, ही रीत किती जुनी आहे पाहा! त्या अध्यायातील आणखी एक पात्र आपल्या नजरेतून सुटते. इस्राएल लोकांवर त्यांच्यातलेच नायक नेमलेले होते. विटा कमी भरल्या की मार त्यांना बसे. बंगळूरच्या कार्यालयातील गटप्रमुख हा असाच मधला माणूस आहे. वरून आलेला आकडा तो खाली ढकलतो, कारण तो न ढकलल्यास त्याच्यावरच येणार. त्याला निर्दय म्हणणे सोपे आहे. त्याच्या पाठीवरचे वळ कोणी पाहत नाही.

पुढे सहाव्या अध्यायात मोशे लोकांना मुक्तीची वार्ता सांगतो आणि लोक ती ऐकत नाहीत. का? शास्त्र त्यांच्यावर अविश्वासाचा आरोप ठेवीत नाही. कष्टाने त्यांचे मन इतके खचले होते की वार्ता त्यांच्यापर्यंत पोहोचेना, एवढेच ते सांगते. या एका वाक्यावर आपल्या व्यासपीठांवरून फारसे प्रवचन होत नाही, याचे नवल वाटते. खचलेल्या मनाला देवाचे अभिवचनही ऐकू येत नाही, हे शास्त्र मान्य करते आणि त्याचे कारण कामाच्या जाचात दाखविते. मग अशा माणसाला ‘विश्वास ठेव’ एवढेच सांगून आपण कोणाची बाजू घेतो?

ऑक्टोबर २०२३ मध्ये बंगळूरच्या इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असे मत मांडले. स्वतः कष्टाने उद्योग उभारलेल्या माणसाचे ते मत आहे, त्याची थट्टा करू नये. तथापि जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ मधील अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो. स्वतःच्या स्वप्नासाठी रात्र जागविणारा संस्थापक आणि नोकरी जाईल या भीतीने जागणारा नोकर यांची रात्र सारखी नसते. जुलै २०२४ मध्ये कर्नाटकात संगणक क्षेत्रातील कामाचा दिवस १४ तासांपर्यंत वाढविण्याचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा कर्मचारी संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला, तो याच कारणाने.

कंपन्या समुपदेशक नेमतात, योगाचे वर्ग घेतात. चांगलेच आहे. पण सायंकाळी ताण कमी करण्याचे व्याख्यान आणि रात्री अकराला परदेशी ग्राहकाबरोबर बैठक, यांत गवत कोठे मिळाले? शिवाय बोम्मनहळ्ळीच्या शिलाईकामगार स्त्रीच्या वाट्याला हे व्याख्यानही क्वचितच येते. एप्रिल २०१६ मध्ये भविष्य निर्वाह निधीतील रक्कम काढण्यावर निर्बंध येणार असे कळताच या स्त्रिया हजारोंनी रस्त्यावर उतरल्या, आणि केंद्र सरकारला तो नियम मागे घ्यावा लागला. अडीअडचणीला हाताशी असलेली ती पुंजी हेच त्यांचे मनःस्वास्थ्य होते, आणि ते त्यांनी कोणत्याही तज्ज्ञाच्या सांगण्याविना ओळखले होते.

कायदाही हळूहळू या बाजूला वळला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, आणि सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्यास काढता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात, मानसिक आजाराशी संबंधित वर्तनासाठी शिस्तभंगाची कारवाई सुरू करणे हाही भेदभाव ठरतो, असा निर्णय दिला.

आता थोडे कटू बोलावयाचे आहे. फारो केवळ इलेक्ट्रॉनिक सिटीतच बसतो असे नव्हे. आमची रुग्णालये, शाळा, वसतिगृहे, मंडळ्यांची कार्यालये ही देखील कामाची ठिकाणेच आहेत. तेथे एक शब्द असा आहे की जो बंगळूरच्या कोणत्याही कंपनीपाशी नाही : सेवा. दोन परिचारिकांचे काम एकीने करावयाचे, कारण ती सेवा. सुटीच्या दिवशीही शिक्षकाने यावयाचे, कारण ती सेवा. पाळकसाहेबांनी पहाटेपासून रात्रीपर्यंत सर्वांचे दुःख ऐकावयाचे आणि स्वतःचे कोणापाशी बोलावयाचे नाही. पवित्र शब्दाच्या आड लपलेले ओझे अधिक जड होते. त्याविरुद्ध कुरकुर करणे हेच पाप वाटू लागते.

मोशेही असाच सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्याय करीत बसे. सासरा इथ्रो भेटीस आला, त्याने एक दिवस नुसते पाहिले आणि हे बरे नाही, तू व हे लोक दोघेही झिजून जाल, असे स्पष्ट सांगितले. त्याने मोशेला अधिक धीर धरण्यास सांगितले नाही. त्याने काम वाटून देण्याची व्यवस्था सांगितली : हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसे नेमावयाची. इथ्रो मिद्यानी याजक होता, इस्राएलच्या बाहेरचा. तरीही मोशेने त्याचे ऐकले. रतामाच्या झुडुपाखाली मरण मागणाऱ्या एलीयालाही देवदूताने प्रथम भाकर व पाणी दिले आणि पुन्हा निजू दिले. काम पुढे सोपविले गेले ते त्यानंतर, आणि सोबतीला अलीशा देऊन.

आपल्या मुलाचा फोन आला तर प्रार्थना अवश्य करा. पण किती तास काम करतोस, वर कोण आहे, रजा मागितली तर काय होते, हेही विचारा. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चालू आहे आणि तीवर मराठीतही बोलता येते. तो क्रमांक त्याला द्या. आणि आपण एखाद्या ख्रिस्ती संस्थेच्या समितीवर असाल, तर पुढील वार्षिक सभेत जमाखर्चाबरोबर आणखी एक तक्ता मागून घ्या : रात्रपाळीला किती परिचारिका होत्या, किती खाटा होत्या, आणि गेल्या वर्षात कितीजणींनी काम सोडले.