कुंतीचे मागणे

कोरोनाची महासाथ ओसरल्यावर, संकटाने माणसे अंतर्यामी समृद्ध झाली, हे विधान आपल्याकडे इतक्या सहजतेने होऊ लागले, की ते करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न कोणी विचारीनासे झाले. धुळे-सोलापूर महामार्गावरच्या चौसाळ्यासारख्या गावातून पाहिले म्हणजे हा प्रश्न टाळता येत नाही. बालाघाटच्या या कोरडवाहू मुलखातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन कारखान्यांकडे निघतात. 2020 च्या मार्चअखेर देशभर टाळेबंदीचा अंमल सुरू झाला तेव्हा याच बीड जिल्ह्यातले हजारो कोयते, म्हणजे तोडणीची जोडपी, फडावरच्या कोप्यांतच अडकले, आणि एप्रिलात सरकारी हुकूम निघाल्यावर जे परतले, त्यांना आपल्याच गावच्या शिवेपाशी परक्यासारखे विलग राहावे लागले. पुढच्या वर्षीच्या एप्रिलात याच जिल्ह्यात, अंबाजोगाईस, एका रुग्णवाहिकेतून 22 मृतदेह स्मशानाकडे नेले गेले. ज्या घरांना आपल्या माणसाचे अखेरचे दर्शनही लाभले नाही, त्यांच्यापुढे उत्कर्षाची भाषा बोलायला जीभ कशी रेटावी?

रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकात आघातोत्तर विकासाची कल्पना मांडली. परंतु विकास आघातातून नव्हे, आघाताशी मनाने केलेल्या झुंजीतून संभवतो, आणि तो झाला तरी वेदना शिल्लक राहते, हे त्यांनी स्वतःच सांगितले होते. उत्साही प्रवचनकार एवढाच भाग वगळतात.

भागवताच्या पहिल्या स्कंधात कुंती श्रीकृष्णापाशी विपत्तीच मागते, कारण विपत्तीत त्याचे दर्शन घडते. या मागण्याचे आपण फार कौतुक केले; पण विषप्रयोग, आग, द्यूतसभा, वनवास ही सारी ज्यांनी भोगली, त्यांच्याच वतीने ती बोलत आहे, हे विसरलो. हे मागणे ज्या अध्यायात आहे, त्याच अध्यायात अभिमन्यूची विधवा उत्तराही आहे, आणि तुझ्या वैधव्यात तुझे कल्याण आहे, असे कुंती तिला सांगत नाही. दुःखाने मी वाढलो, हे भोगणाऱ्याने म्हणावे. दुःखाने तू वाढलास, हे दुसऱ्याने म्हणणे ही माझ्या मते धर्माच्या वेषातली निष्ठुरता होय.

तितिक्षेचेही तेच. विवेकचूडामणीत तिचे लक्षण, प्रतिकार न करता आणि चिंता-विलापावाचून सर्व दुःखे सोसणे, असे केले आहे. ज्याने संसार सोडला त्याला ते शोभते. मुलांबाळांसह फडावर जाणाऱ्या जोडप्याला, ज्याच्या डोक्यावरची उचल फिटायची आहे, सोसण्यावाचून दुसरा मार्गच नसतो, आणि निरुपायाला तितिक्षा म्हटल्याने निरुपाय पवित्र होत नाही. (साखर खाणाऱ्यांना मात्र तसे म्हणणे सोयीचे पडते.)

म्हणून साथीच्या काळातल्या मनोबलाचा दाखला द्यायचाच झाला, तर मी या कामगारांच्या सोसण्याचा देणार नाही. टाळेबंदीच्याच वर्षी, 2020 च्या शरदात, कर्जाचा बोजा आणि रोगाचे भय दोन्ही कायम असताना, ऊसतोड कामगारांच्या संघटनांनी दरवाढीसाठी संप पुकारला. मागणी जुनीच होती, साथीने ती उपजवली नव्हती; तरी संकटाचे निमित्त पुढे करून ती कामगारांनी मागे घेतली नाही, आणि ऑक्टोबरअखेर मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये बैठक होऊन तोडणीच्या दरात सरासरी 14 टक्के वाढ मान्य झाल्यावरच संप मिटला.