दहा किलोमीटरांचा न्याय

दिल्लीतील मराठी माणसाला कोपर्निकस मार्ग ठाऊक असतो तो जुन्या महाराष्ट्र सदनामुळे. नाटक-संगीताची आवड असणाऱ्यांना तेथील कमानी सभागृहही परिचित असते. याच रस्त्यावरील फरीदकोट हाउसमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण बसते, हे मात्र आम्हांस बऱ्याच उशिरा कळले. त्या न्यायाधिकरणाच्या २०१३ सालच्या एका आदेशाने आमच्या मनात जो प्रश्न उभा केला, तो अद्याप तेथून हललेला नाही. ज्याला वकीलपत्रावर सही करता येत नाही असा जीव एका बाजूस आणि ज्याने आयुष्याची पुंजी पणाला लावली आहे असा माणूस दुसऱ्या बाजूस असता, त्यांच्यामध्ये बोलण्याचा अधिकार कोणास पोहोचतो?

प्रकरण ओखला पक्षी अभयारण्याचे होते. यमुनेवर बंधारा बांधला गेला, पाणी साचले, गाळ व पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी मोठ्या संख्येने उतरू लागले. १९९० साली उत्तर प्रदेश शासनाने सुमारे ४ चौरस किलोमीटरांचा हा भाग अभयारण्य म्हणून घोषित केला. अशा अभयारण्याभोवती संवेदनशील पट्टा आखावयाचा असतो. तो वर्षानुवर्षे आखला गेला नाही, आणि मधल्या काळात नोएडात घरे विकली गेली. पट्टा जाहीर होईपर्यंत १० किलोमीटरांच्या आतील बांधकामांना पूर्णत्वाचा दाखला मिळू नये, असे न्यायाधिकरणाने ठरविले, आणि हजारो कुटुंबांची घरे अडली.

त्यांत आमच्या कार्यालयातील एक वडीलधारे सहकारी होते. आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणत असू. भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढून त्यांनी घर नोंदविले होते. कर्जाचा हप्ता आणि राहत्या जागेचे भाडे अशी दोन्ही ओझी ते एकाच पगारावर वाहत होते. आम्ही दिल्लीत नवखे होतो, अविवाहित होतो, आणि अर्थातच पक्ष्यांच्या बाजूचे होतो. कँटीनमध्ये आम्ही तावातावाने बोलत असता अण्णा एकदा शांतपणे म्हणाले, "अहो, ज्यांच्यापायी आमचे घर अडले ते पाहुणे आहेत तरी कसे, ते एकदा दाखवा की."

२०१४ च्या जानेवारीतील एका रविवारी आम्ही त्यांना घेऊन गेलो. धुके दाट होते, यमुनेच्या पाण्याला दुर्गंधी होती, बंधाऱ्यावरून वाहनांचा अखंड घरघराट चालला होता. धुके विरळ होताच पाणी दिसले आणि त्यावरील गर्दीही. थापट्या बदके रुंद चोचींनी पाणी गाळीत होती, शेकाटे तांबूस पायांवर तोल सावरीत उभे होते, आणि कवींनी रात्रीच्या विरहासाठी प्रसिद्ध केलेल्या चक्रवाकांची एक जोडी भर दिवसा निवांत झोपली होती. काळ्या अंगाच्या, पांढऱ्या कपाळाच्या पक्ष्याला मराठीत 'वारकरी' म्हणतात, हे सांगताच मूळचे पंढरपूरकडचे अण्णा हसले. "कोणत्या दिंडीतले हो हे?" असे म्हणून दुर्बीण त्यांनी पुष्कळ वेळ आमच्या हाती परत दिली नाही.

मग त्यांनी विचारले, "माझे घर येथून सहा किलोमीटरांवर. हे तेथवर येतात का?"

आम्हांस उत्तर देता आले नाही. दहाचा आकडा आम्ही रोज उच्चारीत होतो. तो नऊ किंवा अकरा का नाही, हे आम्ही कधी विचारले नव्हते. आमचे पक्षिप्रेम खोटे नव्हते, पण त्यासाठी आम्हांस एक पैही मोजावी लागली नव्हती. किंमत अण्णा मोजीत होते आणि पुण्य आमच्या खाती जमा होत होते. ज्या सद्गुणाचा हप्ता दुसरा भरतो, त्याला सद्गुण म्हणावे काय?

याचा अर्थ पक्ष्यांची बाजू लटकी होती असा नव्हे. ते तळे माणसाच्या बंधाऱ्याने झाले, म्हणून त्यावर माणसाचीच मालकी, असे काही जण म्हणत. पण आसरा कोणी निर्माण केला यावर आसऱ्याला आलेल्याची गरज ठरत नाही. आम्ही बदलीवर आलेली माणसेही सरकारी वसाहतींतच राहतो.

ऑगस्ट २०१५ मध्ये केंद्र सरकारने पट्टा जाहीर केला. तो कोठे १०० मीटर, तर उत्तरेस १.२७ किलोमीटर ठरला. अण्णांचे घर सुटले. त्यांनी कार्यालयात पेढे वाटले, आणि आमच्या हातावर पेढा ठेवताना ते हलक्या आवाजात म्हणाले, "सुटलो बुवा. पण शंभर मीटर म्हणजे फारच थोडे झाले हो!"

त्या दिवशी बोलण्याचा अधिकार कोणाचा, हे आम्हांस थोडेसे उमगले. ज्याचे स्वतःचे काही अडले होते आणि तरीही जो समोरच्याला पाहून आला होता, त्याच्या त्या एका वाक्याला जे वजन होते, ते आमच्या वर्षभराच्या वादांना नव्हते. पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी नाही, हे कोपर्निकसने १५४३ सालच्या ग्रंथात मांडले. आपण मध्यभागी नाही, हे प्रत्येकाला आपापल्या खर्चाने शिकावे लागते.

एक गोष्ट मात्र आम्हां कारकुनांना अधिक बोचते. ती रेषा वेळेवर आखली गेली असती, तर अण्णा आणि वारकरी एकमेकांचे प्रतिवादी झालेच नसते. आमच्या टेबलावरही काही फाइली पडून आहेत. त्यांच्या पलीकडे कोण ताटकळत आहे, हे आम्ही अजून जाऊन पाहिलेले नाही.